बांधावरच्या घराला हाक

आमच्या गावाला लग्नाची पत्रिका चालत नाही. छापतो आम्ही, चांगली जाड, सोनेरी कडेची, पण ती बाहेरगावच्या पाहुण्यांना, ऑफिसातल्या साहेबांना आणि पुढाऱ्यांना. गावाला जाते ती हाक. हळदीच्या दिवशी सकाळी लग्नघरातली एक बाई डोक्यावर पदर घेऊन निघते, प्रत्येक घरासमोर उभी राहते आणि पोटातून आवाज काढते, "हलदीला या गोऽऽ! चूल बंद ठेवा गोऽऽ!"

चूल बंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात काही शिजवायचं नाही. तान्ह्या बाळाच्या पेजेपासून अचानक आलेल्या पाहुण्याच्या चहापर्यंत सगळं लग्नघरी. आतून "आयकला गो!" असं उत्तर आलं की बाई पुढच्या घराकडे वळते. फेरी पुरी होईपर्यंत तिने कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि ज्या घराला हाक गेली नाही ते घर गावाबाहेर. त्यासाठी सभा होत नाही, ठराव होत नाही. हाक नाही, एवढंच पुरतं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. पनवेलच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि ही गोष्ट मी कुणी न विचारताही सांगते. न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामाच्या ऑफिसात नोकरी करते, रोडपालीला फ्लॅटमध्ये राहते. आमच्या सोसायटीत कुणाचं लग्न असलं की आमंत्रणाचा कागद लिफ्टमध्ये चिकटवतात. त्यात वाईट काही नाही. पण लिफ्टमधल्या कागदाला "ऐकलं हो" म्हणून उत्तर देता येत नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय आमंत्रण पोचलं असं माझ्या मनाला अजून वाटत नाही. शिकले तरी एवढं गावाचं माझ्यात राहिलंय. राहू दे.

आमच्या घरातली हाक काकी मारते. बाबांच्या धाकट्या भावाची बायको. दिसायला एवढीशी, साडी नेसली की साडीच जास्त दिसते. आवाज मात्र असा की पनवेलच्या बाजारात ती खाडीच्या निवट्या विकायला बसायची तेव्हा मासळीच्या या टोकाला भाव सांगायची आणि भाजीच्या त्या टोकाला गिऱ्हाईक वळून बघायचं. आता मासळी विकत नाही, पण आवाज तसाच आहे. शेजारच्या घरातल्या लोकांचीही लग्नं निघाली की ते काकीलाच विचारायला येतात, "फेरीला जाशील ना गो?" ती आधी नाही म्हणते, गुडघे दाखवते, आणि मग त्या दिवशी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसते.

विमानतळ आला आणि आमचं गाव उठलं. त्यावर गावात इतकं बोलून झालंय की मी इथे वाढवत नाही. नव्या जागेत प्लॉट मिळाले ते चिठ्ठ्या टाकून. त्यामुळे जुन्या गावात ज्यांची भिंत एक होती ते आता दोन रस्ते सोडून राहतात, आणि ज्यांचं आयुष्यभर पटलं नाही त्यांची गेटं समोरासमोर आलीत. घरं उंच झाली, खाली गाळे निघाले, गाळ्यांत मोबाइलवाले आणि इस्त्रीवाले भाडेकरू आले. काकीने मात्र फेरी बदलली नाही. आधी गावदेवी, मग वरची आळी, मधली आळी, खालची आळी, जुन्या गावात घरं जशी लागायची तशीच. नव्या गावात तसं जायचं म्हणजे एकाच रस्त्याने पुन्हा पुन्हा आडवंतिडवं फिरायचं. एकदा मी म्हटलं, "काकी, हे समोरचं घर आत्ताच उरकून घेऊ ना. परत कशाला यायचं?"

ती जागच्या जागी थांबली. "कनचा समोरचा? तो मधल्या आलीचा हाय. वरची आली पुरी नाय जाली आन मधल्याला हाक मारू? वरच्यांना काय वाटल?"

वरच्या आळीतल्यांना काय वाटलं असतं ते मला कळत होतं, म्हणून मी तिच्या मागून चालू लागले.

आणि नुसती काकीच अशी आहे असं नाही. आमच्या नव्या गावात चौकात विजेची डीपी आहे, लोखंडी डब्बा आणि त्यावर लाल कवटीचं चित्र. तिला लहानथोर सगळे विहीर म्हणतात, कारण त्या कोपऱ्यावर जे घर आलं ते जुन्या गावात विहिरीला लागून होतं. "हिरीवर उभा रव, मी आयलूच," असं कॉलेजला जाणारी मुलं एकमेकांना फोनवर सांगतात. पार्सल आणणारा माणूस बिचारा गोल गोल फिरतो. "मॅडम, यहाँ कुआँ तो कोई नहीं है." आमची वहिनी त्याला ठणकावते, "अरे वो डब्बा है ना, खोपडीवाला? वही कुआँ. उधर से लेफ्ट." खरी विहीर आता धावपट्टीखाली आहे की गाड्या लावायच्या जागेखाली, ते कुणालाच नीट सांगता येत नाही.

विहिरीनंतर फेरीत एकच घर उरायचं, बांधावरचं.

जुन्या गावात ते वस्तीपासून लांब, मिठागराच्या बांधावर एकटं होतं. तिथपर्यंत कुणी चालत जायचं नाही. हाक मारणारी विहिरीच्या कट्ट्यावर चढायची, खाडीकडे तोंड करायची आणि तीन हाका द्यायची. सकाळचा वारा गावाकडून खाडीकडे असायचा, म्हणून हाक पोचायची, पण त्यांचं "आयकला" वाऱ्यावर उलटं यायचं नाही. त्यांचं उत्तर दुपारी यायचं, मीठ घेऊन. मटणाच्या टोपात पहिलं मीठ बांधावरच्या घरचं. मिठागर त्यांचं, मान त्यांचा. ते मीठ पडल्याशिवाय टोपात दुसरं मीठ जायचं नाही. पुढे मिठागर गेलं तरी मान गेला नाही. त्या घरातल्या बाईला आम्ही सगळे बांधावरची मावशी म्हणतो. तिने शेवटच्या पिकाचं मीठ गोण्यांत भरून नव्या गावात आणलं होतं. लोकांनी दारं-खिडक्या, देव, कोंबड्या आणल्या, हिने मीठ.

नव्या गावात त्यांना प्लॉट मिळाला तो डीपीच्या रस्त्याच्या टोकाला, डीपीजवळून दिसेल असा. त्यामुळे काकीला नवीन काही शिकावं लागलं नाही. डीपीशी उभं राहायचं, तिकडे तोंड करायचं, तीन हाका द्यायच्या. चालत जायला फार तर चार पावलं होती, पण बांधावरच्या घराला लांबूनच हाक मारायची असते, म्हणून लांबूनच. मावशीही घरात बसून ऐकायची आणि उत्तर द्यायची नाही. तिचं उत्तर दुपारी, मीठ घेऊन.

मग गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मावशीच्या मुलाने प्लॉट बिल्डरला दिला. तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, कष्टाळू मुलगा आहे. हायवेच्या पलीकडे एका टॉवरमध्ये त्याने सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जुन्या जागेभोवती हिरवे पत्रे लागले. गावाने त्यांना लगेच नाव दिलं, सोसायटीवाले. "सोसायटीवाल्यांना आता पार्किंगमदी गनपती भेटल, आपला क्याला पायजे?" असं कुणीतरी मावशीसमोर म्हणालं, गमतीनेच. पण त्यानंतर मावशी देवळात बायकांच्या बैठकीला यायची बंद झाली. ते घर आता गावातलं की बाहेरचं, हे कुणी उघड विचारत नव्हतं, पण विचार सगळ्यांच्या मनात होता, आणि सगळ्यात जास्त तिच्या.

माझ्या भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं लग्न हे त्यानंतरचं गावातलं पहिलं लग्न.

हळदीच्या सकाळी काकीबरोबर फेरीला मी गेले होते. घरातली एखादी लेक बरोबर न्यायची असते. गावदेवीला नारळ ठेवला आणि काकी सुटली. तिच्या मागून चालताना मला दर वेळी एक मजा वाटते. घरोघरी "आयकला गो" म्हणणारे आवाज ओळखू येतात, आणि प्रत्येक आवाजात त्या घराचा स्वभाव असतो. एकीचं "आयकला" खिडकीतून फेकल्यासारखं येतं. एक म्हातारबाबा स्वतःच उत्तर देतात, "आयकला, मटन काय हाय का नुसती डाल?" एका घरात नवी सून होती, घाटावरची. तिने "हो काकू, येतो आम्ही!" असं शुद्ध मराठीत सांगितलं. काकी हलेना. "काय बोल्ली ती?" आतून सासूचा आवाज आला, "आयकला म्हन गो, ती उभी रवंल तितंच!" सुनेने लाजत लाजत "आयकला" म्हटलं तेव्हा काकी पुढे गेली.

शेवटी डीपीशी आलो. काकीने पदर सारखा केला, वळली आणि रस्त्याच्या टोकाकडे तोंड करून तीन दणदणीत हाका दिल्या. समोर हिरवे पत्रे होते, पत्र्यांवर बिल्डरच्या नव्या इमारतीचं रंगीत चित्र होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिलाही काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही. "जाली फेरी," ती म्हणाली. घरी येऊन तांब्याभर पाणी गटागटा प्याली.

मग भाकऱ्या. आमच्याकडे हळदीच्या भाकऱ्या गाव थापतं. प्रत्येक घरातली बाई आपली परात आणि आपला तवा घेऊन येते. मांडवामागे विटांच्या चुली एका ओळीत लागतात, तांदळाच्या पिठाची उकड निघते आणि हात सुरू होतात. मी ऑफिसात बसून बसून हात विसरलेय, माझी भाकरी तव्यावर टाकताना मोडली. "बीकॉमची भाकरी बघा गो," पलीकडच्या परातीवरून आवाज आला, "बॅलन्सशीट जुलली नाय!" मी म्हटलं, "जुळते, जुळते, थोडी ॲडजस्टमेंट राहिलीय." हसल्या. त्या बायका हसत हसत थापतात आणि भाकरी गोल येते, कागदासारखी पातळ. एवढ्या गावाला पुरतील इतक्या भाकऱ्या दुपारपर्यंत होतात, आणि कुणी कुणाला कामाला लावलेलं नसतं. मी मोठ्या ऑफिसात काम करते, तिथे चार माणसांकडून एक काम करून घ्यायला मीटिंग लागते. असो.

मटणाचा टोप दुसऱ्या बाजूला होता. मटण पनवेलच्या चाचांचं. त्यांच्या अब्बांपासून आमच्या गावाच्या हळदीचं मटण त्यांच्याच दुकानातून येतं आणि चाचा स्वतः टोपाशी खुर्ची टाकून बसतात, मटण नीट शिजतंय ना ते बघायला. टोप रटरटत होता, वाटण पडलं होतं, वास सुटला होता. फक्त मीठ आलं नव्हतं.

दुपार कलायला लागली. दादाच्या फेऱ्या वाढल्या. शेवटी तो पिशवीतलं मिठाचं पाकीट घेऊन आला. "टाकू काय? पाहुने येतील आता."

"हात तं लाव," काकी परातीवरून म्हणाली.

"काकी, मीठ ते मीठ."

"मग हलद ती हलद. नवऱ्याची क्याला आनायची, मसाल्याच्या डब्यातली लाव पोरीला."

दादाने पाकीट मागे लपवलं. वहिनी, म्हणजे नवरीची आई, रडकुंडीला आली होती. चाचा म्हणाले, "मी काय बोलत नाय. पण इतका कवळा बकरा दिला मी, आणि तुम्ही त्याची बेइज्जती चालवलीय. फोन तरी लावा त्यांना."

दादाने मावशीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. परातींवरचे हात थांबले.

"मावशी, मीठ कवा आनतेस गो?"

"कोन बोलतंय?"

"मी, दादूस. पोरीची हलद हाय ना आज."

"हां. पोराने मोबाइलवर दाखवला. बरा जाला. सुकी रवो पोर."

"मग येतेस ना?"

"कुठं?"

दादा गांगरला. "हलदीला गो."

"बोलावना कवा आयला?"

"ग्रुपवर टाकला होता ना मी..."

"ग्रुपवर बँकवाले पन टाकतान. ती खबर हाय, आवतान नाय." मग मावशीचा आवाज खाली आला. "मी सकालपासून खिरकीत बसलेली. आता येल, मंग येल. दुपार जाली तवा उठून भात लावला. आमची चूल पेटली, दादूस. आमी समजलू काय समजायचा ते. तुमची हलद नीट होऊ द्या." आणि फोन बंद झाला.

तव्यावरची एक भाकरी करपल्याचा वास आला, पण ती कुणी उलटली नाही. चूल पेटली, हे वाक्य आमच्याकडे साधं नाही. म्हणजे आम्हाला गावाने सोडलं, आम्ही ते मानलं.

काकी उठून उभी राहिली. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. "खोटा बोलते ती! मी हाक मारली. तीन हाका मारल्या. हिला इचारा."

"मारल्या," मी म्हटलं. मी साक्षीदारच होते.

पलीकडच्या परातीवरची बाई, तीच मघाची, तिने हळूच विचारलं, "कुठशी मारल्यास गो?"

"कुठशी म्हंजे? हिरीवरशी. बांधावरच्या घराला कुठशी मारतान?"

"आन त्या रवतान कुठं आता?"

माझ्या डोळ्यांसमोर ते हिरवे पत्रे आले आणि त्यावरचं रंगीत चित्र.

"पत्र्यांना हाक मारून आयली गो काकी!" कुणीतरी म्हणालं आणि चुलींची सगळी ओळ हसायला लागली. मीही हसले. हसणं थांबेना, आणि हसता हसता काहींचे डोळे भरले, कारण आमच्यातली प्रत्येक जण तिथेच उभी राहिली असती. त्याच डब्याशी, त्याच बाजूला तोंड करून. मावशीचा नवा पत्ता सगळ्यांना माहीत होता, पण हाक मारायला उभं राहिलं की पाय जुन्या गावात असतात.

काकी मात्र हसली नाही. "मी पानी पिले," ती म्हणाली.

"अगं काकी, पाण्याचं काय एवढं..."

"फेरी पुरी नाय जाली आन मी पानी पिले. च्या पिले. बटर खाल्ला." तिने पदराला हात पुसले. "गारी काढ."

मी स्कूटर काढली. दादा म्हणाला, "मी फोन करून सांगतंय तुमी येताव म्हनून." काकी मागे बसता बसता ओरडली, "फोन करशील तं याद राख! हाक सांगून मारतान काय?"

हायवे ओलांडेपर्यंत तिने माझा खांदा घट्ट धरला होता. माझ्या चांगल्या ड्रेसवर तिची पिठाची पाच बोटं उठली ती नंतर फोटोतही दिसतात. वाटेत ती एकदाच बोलली, "नाय आयली तं?" मी म्हटलं, "येईल." पण मला खात्री नव्हती. मावशी न येणं म्हणजे आजच्या दिवसाचं मीठ नाही एवढंच नव्हतं. एकदा ते घर तुटलं की पुढच्या लग्नात त्यांना हाक मारायची की नाही याचा विचार सुरू होतो, आणि विचार करून मारलेली हाक ही हाक नसते.

टॉवरच्या गेटवर वॉचमनने अडवलं. "किसके यहाँ जाना है? एंट्री कीजिए."

"मना वर जायाचा नाय," काकी म्हणाली. "मी हाक मारून जातंय."

"क्या बोल रही हैं, मॅडम?"

"ऊपर नहीं जाना है भैया, यहीं से बुलाना है."

"तो इंटरकॉम है ना."

"काय म्हनतं तो?"

"फोनवरून बोला म्हणतो."

"त्याला सांग, फोनवर बोललू म्हनूनच चूल पेटली." आणि ती वॉचमनच्या केबिनपुढच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली, मान वर करून. सगळ्या बाल्कन्या सारख्या, सगळीकडे टॉवेल आणि कुंड्या. मी मजले मोजायला लागले. काकीने बोट दाखवलं. "ती बघ."

एका बाल्कनीच्या ग्रिलला वाकट्या वाळत घातल्या होत्या. ओळीने लटकणारी लांबलचक चंदेरी मासळी. "दुसऱ्या कनाची हिंमत हाय सोसायटीत?" काकी म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला.

डोक्यावरून विमान गेलं. ते जाईपर्यंत ती थांबली. मग तिने श्वास घेतला.

मी जन्मापासून ती हाक ऐकत आलेय, पण उघड्यावर, घरांच्या मधून. त्या उंच इमारतींच्या मध्ये तिचा आवाज भिंतींवर आपटून वर चढत गेला. पहिल्या हाकेला बाल्कन्यांची दारं उघडली. दुसऱ्या हाकेला माणसं वाकून बघायला लागली, एक मुलगी मोबाइल काढून उभी राहिली. तिसऱ्या हाकेला वॉचमन खुर्चीतून उठला. वाकट्यांच्या मागे मात्र काही हललं नाही.

काकी तशीच उभी. तिला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. चौथी हाक नसते.

मग ग्रिलशी मावशी आली. "कोन हाय गो?" तिला कळलं होतं कोण आहे.

"मी हाय गोऽऽ! हलदीला ये! चूल बंद ठेव गोऽऽ!"

"पेटली गोऽऽ! भात शिजला गोऽऽ!"

"मग टोप घेऊन ये गोऽऽ!"

दोन-चार बाल्कन्या हसल्या. मावशी हसली नाही. सात मजल्यांवरून, सगळ्या टॉवरसमोर, तिने विचारलं, "आताशी आठवन जाली? सोसायटीवाले ना आमी?"

काकी काही कारण सांगेल असं मला वाटलं. गुडघे, हायवे, गाड्या. तिने हाक मारली होती त्याच आवाजात, एक पट्टी कमी न करता, ओरडून सांगितलं, "चुकले गोऽऽ! हिरीवरशी हाक मारली गोऽऽ! तुज्या पत्र्यांना मारली! तू तितं नाय ते इसरले गोऽऽ!"

त्या क्षणी मला माझ्या काकीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मला माझ्या डिग्रीचाही वाटलेला नाही. आम्ही शिकलेली माणसं चूक झाली की दार लावून, आवाज खाली घेऊन कबूल करतो. हिने ती अनोळखी माणसांनी भरलेल्या अख्ख्या इमारतीला ऐकवली, कारण ज्या आवाजात बोलवायचं त्याच आवाजात चुकल्याचंही सांगायचं, एवढंच तिला माहीत.

वर मावशीने दोन्ही हातांनी ग्रिल धरलं होतं. तिची मान हलली, ती हसतेय की रडतेय ते खालून कळेना. मग आवाज आला.

"आयकला गोऽऽ!"

काकी माझ्याकडे वळली, डोळे मोठे करून. "आयकलास?" ती मला म्हणाली. "आयकलास तू?" मला आधी कळलं नाही ती एवढी का हरखलीय. मग कळलं. लग्न होऊन आल्यापासून ती बांधावरच्या घराला हाक मारतेय, आणि त्या घराचं "आयकला" तिच्या कानांवर आजपर्यंत कधी आलं नव्हतं. जुन्या गावात वारा ते खाडीकडे घेऊन जायचा.

मावशी खाली आली ती नवी साडी नेसूनच. साडी सकाळपासून काढून ठेवलेली असणार, पण ते आम्ही बोललो नाही. एका हातात भाताचा टोप, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. डब्यात जाडं, करडं मीठ. "मी घर सोडला," ती काकीला म्हणाली, "गाव नाय सोडला. समजलीस?"

"समजले. आता मना पानी पाज."

"माज्याकडं क्याला मागतेस? मी भाताचा टोप धरलंय." मावशी वॉचमनकडे वळली. "ओ भैया, इसको पानी दो. फेरी पुरी हुई इसकी." वॉचमनने आपली बाटली पुढे केली. काकीने ती वरून, तोंड न लावता, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.

त्या दोघी रिक्षाने आल्या, मी मागून स्कूटरवर. मांडवात शिरल्या शिरल्या बायकांनी मावशीला घेरलं. "आयली गो सोसायटी!" मघाचीच बाई ओरडली, आणि मावशी म्हणाली, "हा, आयली, आन मेंटेनन्स तुज्याकडशी घेऊन जानार." पेटलेल्या चुलीचं काय करायचं, असा प्रश्न कुणीतरी काढलाच. त्यावर काकीनेच मार्ग सांगितला. मावशीचा भात मोठ्या भातात मिसळायचा. मग तो हळदीचा भात झाला, आणि तो जिथे शिजला ती चूलही हळदीचीच चूल. सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं.

मावशीने मूठ भरून मीठ टोपात टाकलं. चाचांनी पळीभर रस्सा हातावर घेऊन चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता बकऱ्याची अब्रू राहिली." वहिनी मावशीच्या गळ्यात पडून रडली, आणि मग दोघी मिळून नवरीला हळद लावायला गेल्या.

त्यानंतर गावात आणखी लग्नं झाली. काकीची फेरी आता डीपीशी संपत नाही. ती रिक्षा करते, हायवे ओलांडते आणि वॉचमनच्या केबिनपुढे जाऊन उभी राहते. त्या जागेला आमच्याकडे बांध म्हणायला लागलेत. वॉचमन तिला बघितलं की पाण्याची बाटली भरून तयार ठेवतो आणि एंट्री मागत नाही. तीन हाका होतात, वाकट्यांच्या मागून "आयकला गोऽऽ" येतं, आणि काकी ते ऐकून झाल्यावरही जराशी तिथेच उभी राहते.